गठ्ठ्यातले नानासाहेब

"वैनी, उठा बगू. गठ्ठं न्यायला आलोय."

रंगरावानं टेंपो छापखान्याच्या दारात आडवा लावला होता. तो नानासाहेब सरनोबतांचा माणूस. नानासाहेबांचा शब्द गावभर पोचवणं आणि नानासाहेबांच्या नावावर चहा पिणं, ही दोन्ही कामं तो मनापासून करायचा. मी उठले नाही. पत्रकांचे गठ्ठे भिंतीला लावून रचले होते. त्यांतल्या पुढच्या गठ्ठ्यावर पोतं अंथरून मी बसले होते आणि मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत होते.

"पैसे आणलेत?" मी विचारलं.

"पैसं? पैसं काय पळून चाललेत व्हय? निवडणूक झाली की देत्यात नाना."

"मग गठ्ठेसुद्धा निवडणूक झाली की न्या."

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. त्यानं शेजारच्या गठ्ठ्याच्या सुतळीत बोटं घातली, तशी मी सूप उचलून त्याच गठ्ठ्यावर ठेवलं. शेंगा हलवल्याशिवाय आता गठ्ठा निघणार नव्हता, आणि शेंगा मी हलवू देणार नव्हते.

"शैला," आतून आप्पांचा आवाज आला. आप्पा म्हणजे माझे सासरे. "देऊन टाक. मोठी माणसं आहेत ती."

"आप्पा, माल नेताना रोख, असं ठरलं होतं. नानांनी प्रुफावर सही केली तेव्हा मी समोर होते."

"ठरलं असेल. पण ते काय आपले पैसे बुडवणार आहेत?"

आप्पांनासुद्धा उत्तर माहीत होतं. मागच्या निवडणुकीला नानासाहेबांनी आमच्याकडूनच सगळी पत्रकं छापून नेली होती आणि त्याचा एक पैसाही पाच वर्षांत आला नव्हता. आप्पांनी तो एकदाही मागितला नव्हता. समोरून नानासाहेब आले तर उलट आप्पाच नजर खाली घालून पलीकडच्या बाजूनं जायचे, जसं काही हेच त्यांचं देणं लागत होते.

रंगराव रिकामा टेंपो घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वैनी, ह्ये लई महागात पडंल तुमास्नी." मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? सूप पुन्हा मांडीवर घेतलं तर शेंगा आपोआप खडखडायला लागल्या.

ही गोष्ट फ्लेक्स यायच्या आधीची. उमेदवाराचं तोंड लोकांपर्यंत पोचवायचं तर ते कागदावर छापावं लागायचं, आणि आमच्या तालुक्याच्या गावात छापखाना एकच होता, मगदूम छापखाना. आप्पांनी उभा केलेला. मशीन माझा नवरा चालवायचा. त्याचं नाव बाहुबली. अंगानं नावाच्या अगदी उलट, फुंकर मारली तर उडेल असा. पण मशीनवर उभा राहिला की त्याच्यासारखा माणूस नाही. हिशेब आणि प्रुफं माझ्याकडे. लग्नपत्रिका, जाहिराती, पावतीपुस्तकं, सगळं आमच्याकडे छापलं जायचं आणि सगळ्यांकडे आमचं येणं असायचं. आप्पा स्वभावानं इतके भिडस्त की गिऱ्हाईक पैशाचं बोलायला लागलं तर हेच लाजून "राहू दे हो, बघू नंतर" म्हणायचे. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. देवमाणूस म्हणणं स्वस्त पडतं.

त्या वर्षी मात्र दोरी तुटायला आली होती. कोल्हापूरचे कागदवाले शहा यांनी निरोप धाडला होता की सोमवारपर्यंत मागची बाकी आली नाही तर यापुढे एक रीमसुद्धा मिळणार नाही. लग्नसराई तोंडावर. कागद नाही म्हणजे पत्रिका नाहीत, पत्रिका नाहीत म्हणजे छापखाना बंद. आप्पांनी तर मनानं तो बंद करूनही टाकला होता. स्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरवाल्याला जागा पाहिजे होती. मशीन भंगारात वजनावर द्यायचं आणि सोमवारी जागेची किल्ली त्याच्या हाती ठेवायची, असं ते बोलून आले होते. बाहुबली त्या रात्री जेवला नाही. नुसता मशीनला तेल देत बसला.

शहांची बाकी आणि नानासाहेबांच्या या पत्रकांचं बिल जवळजवळ सारखंच होतं. म्हणजे त्या गठ्ठ्यांवर मी बसले होते असं दिसत होतं, पण खरं तर आमचा छापखानाच त्या गठ्ठ्यांवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हेरवाडे वकिलांकडे गेले. त्यांच्या लेटरहेडचं बिल दोन वर्षं थकलेलं होतं. मी ते समोर ठेवलं आणि म्हटलं, "हे फिटलं समजा. मला एक सल्ला द्या."

वकिलांनी बिल आधी खिशात घातलं आणि मग खुर्ची जवळ ओढली. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माल कुठं आहे?"

"छापखान्यात. माझ्या बुडाखाली."

"उत्तम. तो तिथंच राहू दे. विकलेल्या मालाचे पैसे मिळाले नाहीत आणि उधारीचं ठरलेलं नाही, तर पैसे हातात पडेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्क विकणाऱ्याला आहे. पण हातातून माल गेला की हा हक्क गेला. मग लाव दावा आणि हो म्हातारी."

"आणि त्यांनी नेलाच नाही तर? मला काय त्याची पूजा करायचीय?"

"मग नोटीस दे. इतक्या मुदतीत पैसे देऊन माल न्या, नाहीतर आम्ही दुसऱ्याला विकू. मुदत गेली की विकायचा. जे कमी पडेल ते त्यांच्याकडून मागायचं." ते थांबले आणि चष्म्यावरून बघत हसले. "फक्त एक अडचण आहे. सरनोबतांचं तोंड विकत घेणार कोण?"

मीही हसले.

"आणखी एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "मागच्या निवडणुकीचं येणं यात घुसडायचं नाही. या मालाचे पैसे मिळाले की हा माल द्यावाच लागेल. जुन्यासाठी नवा अडवलास तर चूक तुझी."

नोटीस त्यांनीच लिहिली, दोन दिवसांच्या मुदतीची. बाहुबली ती सरनोबतांच्या वाड्यावर देऊन पोच घेऊन आला. येताना त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, पण पोच घडी घालून नीट आणली होती.

संध्याकाळी नानासाहेब स्वतः आले.

जीप दारात थांबली तेव्हा छापखान्यात चारपाच माणसं होती. पत्रिकेचं विचारायला आलेलं एक कुटुंब होतं, आणि कोपऱ्यात दस्तगीरचाचा पोतं घेऊन उभे होते. चाचा म्हणजे स्टँडसमोरचे भेळवाले. छापताना खराब झालेले कागद, कातरण, सगळं आमच्याकडून ते वजनावर न्यायचे. वर्षानुवर्षांचा रिवाज होता. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका मी आधी प्रुफात वाचल्या आणि मग त्यांच्या भेळेखाली पुन्हा वाचल्या.

नानासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हसतमुख. पत्रकावर हसत होते तसेच. पत्रकावर त्यांच्या फोटोखाली कपबशीचं चिन्ह होतं आणि मोठ्या टायपात ओळ होती, 'दिला शब्द, पाळला शब्द.' ती ओळ मीच जुळवून घेतली होती, तेव्हासुद्धा हसू दाबावं लागलं होतं.

"काय सूनबाई," ते म्हणाले, "नोटीस पाठवलीस म्हणे. तुझ्या सासऱ्याची आणि माझी दोस्ती किती वर्षांची, ठाऊक हाय न्हवं?"

आप्पा उठून उभे राहिले होते. हात जोडलेले. "नानासाहेब, पोर आहे, समजत नाही तिला..."

"मला समजतं," मी म्हटलं. "पैसे द्या आणि माल न्या. तुमच्या फोटोचा ठोकळा तुमचाच आहे, तो हवा असेल तर आत्ता न्या. दुसरीकडे छापून घ्या."

दुसरीकडे छापणं जमणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. जिल्ह्यातला प्रत्येक छापखाना निवडणुकीच्या कामात बुडालेला होता. मतदान पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

त्यांचं हसू थोडं आखडलं. "पैसं देत न्हाई असं म्हनलोय का मी? मोजायला वेळ न्हाई मला आत्ता. माल धाड वाड्यावर."

"मोजायला वेळ नसेल तर मी मोजून घेते."

पत्रिकेवाल्या कुटुंबातली म्हातारी फिसकन हसली. तेवढं पुरलं. नानासाहेबांचा चेहरा तांबडा झाला.

"आगं ए," ते म्हणाले, आणि सूनबाई कुठल्या कुठं गेली, "काय करशील गं माल ठेवून? नोटिशीत म्हनं लिव्हलंयस, दुसऱ्याला विकीन. वीक की! ह्या सगळ्यांसमोर सांगतो, वीक! माझं नाव, माझा फोटो, माझी निशाणी. कोन घेतंय बघू! सोमवारी तूच डोक्यावर घेऊन येशील वाड्यावर, आन् तवा मी दारातनं परत धाडीन."

जीप गेली. आप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "संपलं," ते म्हणाले. "आता कागदवाल्यांचेही गेले आणि सरनोबतांशी वैरही झालं. काय मिळवलंस, शैला?"

मला रडू आलं. पण ते रडू दुःखाचं नव्हतं. एवढा मोठा माणूस, त्याच्या जीपला लागणारं पेट्रोल आमच्या बिलापेक्षा जास्त, आणि तो आम्हाला दारातून परत धाडणार होता. आमचाच माल. राग असा आला होता की दात दुखायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक आलं. विरोधी पॅनेलचे खजिनदार. पिशवी घेऊन आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सगळे गठ्ठे आम्हाला द्या. बिलाच्या दीडपट देतो. रोख, आत्ता."

"तुम्ही काय करणार त्यांचं?"

"ते आमचं आम्ही बघू. मिशा काढू, शिंगं काढू. नाहीतर गटारीत टाकू."

पिशवीचं तोंड त्यांनी जरा उघडलं. आत नोटा होत्या. शहांची बाकी, वर थोडं शिल्लक. व्हिडिओ पार्लरवाल्याला नकार देता आला असता, बाहुबली मशीनला तेल देताना गुणगुणला असता. कायद्यानंही काही आड येत नव्हतं. नोटिशीची मुदत संपली की मी कुणालाही विकायला मोकळी होते. मी आप्पांकडे बघितलं.

आप्पा उठून आले. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची मान ताठ होती. "नाही," ते म्हणाले. "एकाचं छापलेलं दुसऱ्या पार्टीच्या हातात द्यायचं नाही. चाळीस वर्षं हा छापखाना त्यावर चालला. तुमच्या पॅनेलची पत्रकंही इथंच छापली, खजिनदार. ती आम्ही सरनोबतांना दिली असती तर चाललं असतं?"

खजिनदारांनी पिशवी बंद केली. मी आप्पांवर चिडायला हवं होतं. चिडले नाही. ज्या माणसाला स्वतःचे पैसे मागता येत नव्हते, त्याला दुसऱ्याचे पैसे नाकारता येत होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी डोक्यात गणित सुरू झालं की मग आता घेणार कोण?

संध्याकाळी दस्तगीरचाचा पुन्हा आले. पिराचा उरूस दुसऱ्याच दिवसापासून होता. दोन दिवस सगळा तालुका गावात लोटायचा. भेळवाल्यांची रांगच रांग लागायची.

"बेटी, रद्दी हाय का काय? उरसाला कागद लई लागतो. औंदा रद्दीवाल्यानं भाव चढवलाय."

"कातरण संपलं, चाचा," मी म्हटलं. आणि मग माझी नजर गठ्ठ्यांवर गेली.

पत्रकाचा कागद बघा. हातावर ठेवला तर बरोबर भेळेच्या पुड्याएवढा. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा.

"चाचा," मी म्हटलं, "काल नानासाहेब काय बोलले ते तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं की. वीक म्हनले. कुनालाबी वीक म्हनले. समद्यांनी ऐकलं."

"मग घेता का?"

चाचांनी आधी गठ्ठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दाढीतून त्यांना हसू फुटायला लागलं. "रोख घे," ते म्हणाले. "उधारीचं काम नको. उद्या कुनी इचारलं तर म्या म्हननार, माझा कागद हाय, मोजून पैसं दिलेत."

मी आप्पांना विचारलं. रद्दीवाला ही काही पार्टी नव्हे. त्यांनी एका गठ्ठ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मुदत संपू दे आधी." मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. दुपार टळल्यावर चाचा हातगाडी घेऊन आले. निम्मे गठ्ठे मी वजन करून दिले, पैसे घेतले, पावती दिली. चाचांनी ते आपल्या बिरादरीत वाटले. दस्तगीरचाचांपासून थेट दर्ग्याच्या पायरीपर्यंत, सगळ्या गाड्यांवर.

त्या संध्याकाळी मी आणि बाहुबली उरसाला गेलो.

चुरमुऱ्यांचा, कांद्याचा, चिंचेच्या पाण्याचा वास होता. पाळणे फिरत होते. आणि जिकडे बघावं तिकडे नानासाहेब सरनोबत होते. प्रत्येकाच्या हातात. लहान पोरं नानासाहेबांच्या कपाळावरून फरसाण वेचत होती. बायका नानासाहेबांच्या मिशांना लागलेली चटणी बोटानं पुसून चाटत होत्या. एक म्हातारा भेळ संपवून कागद उजेडाकडे धरून मोठ्यानं वाचत होता, "दिला शब्द, पाळला शब्द," आणि त्याच्या भोवतीची माणसं खोकेपर्यंत हसत होती. कारण एव्हाना गावाला सगळी गोष्ट कळली होती. पत्रिकेवाली म्हातारी काही गप्प बसणारी नव्हती. शेवटी तोंड पुसून लोक नानासाहेबांचा बोळा करत आणि टाकत. शेळ्या तो बोळा चिंचेच्या चवीसाठी चघळत होत्या.

प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक टायपात होतं, 'मुद्रक : मगदूम छापखाना.' निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव घालावंच लागतं. बाहुबली ते वाचून घाबरला. मी म्हटलं, "असू दे. आपणच छापलंय."

तेवढ्यात गर्दीतून रंगराव आला. घामाघूम. त्याच्याबरोबर आणखी सातआठ पोरं. ती सगळी चाचांच्या गाडीवर आली.

"चाचा, ह्यो कागद द्या समदा. किती पैसं?"

"कागद इकत न्हाई म्या," चाचा कांदा चिरत शांतपणे म्हणाले. "भेळ इकतो. भेळ घेतली की कागद मिळंल."

"आवो, नानांनी सांगितलंय..."

"नानांचा कागद न्हवं ह्यो. माझा हाय. रोख घेतलाय. किती भेळ देऊ?"

रंगरावानं इकडेतिकडे बघितलं. माणसं गोळा झाली होती. मारामारी करावी तर मतदान तोंडावर, आणि उरसात भेळवाल्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यानं खिशात हात घातला. "दे, पन्नास दे."

पन्नास भेळी. मग शेजारच्या गाडीवर पन्नास. मग पुढच्या. सरनोबतांची पोरं भेळेचे पुडे छातीशी धरून उभी होती. खाऊन संपेना, टाकावी तर नानासाहेबांचं तोंड जमिनीवर पडणार. एकानं विचारलं, "ह्यातली भेळ काडून कुटं ठिवायची, अण्णा?" रंगरावानं त्याला शिवी हासडली. मी बाहुबलीच्या दंडाला धरून हसत होते. लग्नानंतर एवढी हसल्याचं मला आठवत नाही. चाचांनी मलाही एक पुडा दिला. पैसे घेतले नाहीत. मी ती भेळ सगळी खाल्ली, खालच्या चुरमुऱ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडला तेव्हा मी पोतं अंथरून राहिलेल्या गठ्ठ्यांवर बसले होते. मांडीवर सूप, सुपात शेंगा. उरसाचा दुसरा दिवस होता आणि दुपारी चाचा पुन्हा येणार होते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

जीप आली. नानासाहेब एकटेच उतरले. या वेळी हसत नव्हते. त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजले. पूर्ण बिलाचे पैसे होते. मी त्यांतून काही नोटा काढून त्यांच्या बाजूला सरकवल्या.

"ह्ये काय?"

"भेळवाल्यांकडून आलेले. तेवढे तुमच्या बिलातून वजा. आमचं जेवढं येणं तेवढंच आम्ही घेणार."

त्यांनी त्या नोटांकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या तोंडावर थुंकले होते. पण उचलल्या. मी पावती लिहिली, गठ्ठ्यावरून उठले, पोतं काढलं. "न्या आता. माल तुमचा."

रंगराव आणि पोरं आत येऊन गठ्ठे उचलायला लागली. शहांची बाकी टेबलावर होती. छापखाना वाचला होता. मला वाटलं, गोष्ट संपली.

"नानासाहेब."

आवाज आप्पांचा होता. इतका बारीक की आधी मला वाटलं बाहेरून कुणीतरी बोललं. आप्पा खुर्चीतून उठले होते. हात जोडलेले नव्हते. ते कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं म्हणून त्यांनी धोतराचा सोगा धरला होता.

"मागच्या निवडणुकीचे राहिलेत," आप्पा म्हणाले.

छापखान्यात सगळे थांबले. बाहुबली मशीनमागून बाहेर आला. नानासाहेब वळले. "काय?"

"मागच्या निवडणुकीचे पैसे. पाच वर्षं झाली. तुम्ही देतो म्हणाला होता. मी आलो नाही मागायला, पण... राहिलेत ते."

आप्पांच्या कपाळावर घाम होता. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते.

नानासाहेबांना सूर सापडला. "ते जुनं काढता व्हय आता? ते इसरा, मगदूम. का ह्ये बी गठ्ठं अडवताय त्याच्यासाठी?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. शेवटचा गठ्ठा रंगरावाच्या खांद्यावर होता. मी मान हलवली. "नाही, आप्पा. ह्याचे पैसे मिळाले. हा द्यावाच लागेल."

"ऐकलंत?" नानासाहेब म्हणाले. "तुमची सूनच सांगतीया."

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "ने रे, रंगराव. तो माल तुमचा आहे."

टेंपो भरला, जीप गेली. आप्पा दारात उभे राहून बराच वेळ त्या धुळीकडे बघत होते. मग आत आले. खुंटीवरचा काळा कोट काढला. तो ते फक्त लग्नाला आणि मयताला घालायचे. कोट चढवला, टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"ते सूप दे."

"कशाला, आप्पा?"

"सरनोबतांच्या वाड्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. काही बोलणार नाही, भांडणार नाही. नुसता बसणार. निवडणुकीसाठी त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसं विचारतील, आप्पा इथं का बसलाय, तेवढ्याला उत्तर देईन." त्यांनी घसा साफ केला. "दिवस मोठा असतो. हाताला काहीतरी पाहिजे."

मी सूप दिलं. त्यांनी ते काखेत धरलं आणि पायऱ्या उतरले. मग थांबले, मागं वळून म्हणाले,

"शैला, पोत्यातल्या शेंगा संपू देऊ नकोस. मी काही लवकर उठणार नाही."